गिनीची अंडी 21 दिवसांत फुटत नाहीत हो!

कुक्कुटपालनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक माझा आतेभाऊ. मजकूर साधारण असा: गिनी फाऊलची (कोंबडीसारखा ठिपकेदार पक्षी) अंडी घरच्या उबवणीच्या मशीनमध्ये कोंबडीच्या अंड्यांसोबतच लावा, 21 दिवसांत पिल्लं, कवच जाड म्हणून रोज पाणी फवारा, 21 व्या दिवशी टोच (पिल्लाने आतून चोचीने पाडलेलं भोक) दिसली नाही तर अंडं फोडून पिल्लू बाहेर काढा, शंभरातली नव्वद हमखास निघतात.

आधी दिवसांचं बघू. कोंबडीला 21 लागतात, गिनीला 26 ते 28. हा आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं. गेल्या वर्षी आमच्या वाडीत एकाने 22 व्या दिवशी अंडं फोडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पिल्लू जिवंत होतं, पण बलक अजून पोटाबाहेर लोंबत होता. तो आत ओढला जातो अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत. पिल्लू तासाभरात गेलं, आणि उरलेली चौदा अंडी ‘वाया गेली’ म्हणून त्याने उकिरड्यावर टाकली.

एकत्र लावण्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पंख्याच्या मशीनला 37.5 अंश दोघांनाही चालतं. पण एकाच दिवशी लावली तर कोंबडीची अंडी फुटायला आली की त्यांना हवेत जास्त ओल हवी आणि अंडी फिरवणं बंद, तर गिनीच्या अंड्यांना त्याच वेळी फिरवणंही हवं आणि कोरडेपणाही. लावायचीच असतील तर गिनी आधी आणि कोंबडी सहा दिवसांनी. मी तरी एकत्र लावत नाही.

आता पाणी. सगळ्यात जास्त पिल्लं या सल्ल्याने मरतात. कवच जाड आहे हे खरंच. पण उबताना अंड्यातलं पाणी हळूहळू बाहेर पडून बोथट टोकाची हवेची पोकळी वाढावी लागते, कारण पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. जाड कवचातून पाणी आधीच सावकाश सुटतं. त्यावर रोज फवारा मारला तर पोकळी वाढणारच कशी? पिल्लू पूर्ण वाढून आतच गुदमरतं. बॅटरी लावून पोकळी बघावी म्हटलं तर कवच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. धड काही दिसत नाही. म्हणून मी वजन करतो. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो. 40 ग्रॅमचं अंडं 24 व्या दिवशी 35 च्या आसपास यायला हवं. 37 वरच अडलं असेल तर ओलीसाठी मशीनमध्ये ठेवलेली पाण्याची वाटी बाहेर काढा.

किती पाणी ठेवायचं याला एकच उत्तर नाही. जुलैत कोकणातली 27 अंशांची, 90 टक्के ओलीची हवा मशीनमध्ये 37.5 ला तापली की तिची ओल 50 टक्क्यांवर येते. गिनीला पहिले 24 दिवस तेवढंच लागतं, म्हणून पावसाळ्यात मी वाटी कोरडी ठेवतो. मार्चमध्ये देशावर असं केलंत तर अंडी वाळून जातील. शेवटचे तीन दिवस मात्र 65-70 टक्के हवीच.

पिल्लू ओढून काढण्याचा मोह मलाही झालाय. पहिली टोच मारल्यावर ते बाहेर यायला दिवसभर घेऊ शकतं. माझ्या पहिल्या खेपेला एकाला मदत करायला मी सहा वेळा झाकण उघडलं. ते वाचलं, पण मशीनमधली ओल उडून गेली आणि बाकीच्या चार पिल्लांना आतला पापुद्रा वाळून चिकटला.

नव्वद टक्क्यांवर काय बोलावं! नर-माद्यांचं प्रमाण बिघडलेलं असेल (चार-पाच माद्यांमागे एक नर हवा), अंडी दहा-बारा दिवस साठवलेली असतील किंवा कुरियरने हिंदकळत आलेली असतील, तर मशीन काय करणार? घरात खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) कोंबडी असेल तर मी अजूनही निम्मी अंडी तिच्याखाली रवणाला घालतो.

आणि पिल्लं निघाल्यावर काय, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. गिनीचं पिल्लू जेमतेम 25 ग्रॅमचं. वर्तमानपत्रावर ठेवलं तर घसरून पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट. पाण्याच्या ताटलीत बुडून मरतात, म्हणून तिच्यात मुलाच्या गोट्या टाकून ठेवतो. संध्याकाळी तो खेळायला त्या मागतो, आणि रोज आमचं भांडण होतं.