‘मे दुएले’ म्हणजे ‘मला दुखतं’

गेल्या रविवारी एका घरी आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं जेवायला जमलो होतो. मसालेभात, मठ्ठा, मग गप्पा. मुंबईत बँकेच्या काउंटरवर मराठी बोलत नाहीत, रिक्षावाला हिंदीतच उत्तर देतो, यावर सगळे पोटतिडकीने बोलत होते. मीही बोलले. पाच मिनिटांनी विषय आमच्या अमेरिकेतल्या शहरावर, इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांवर आला. कुणीतरी म्हणालं, "या लोकांना इथे तीस-तीस वर्षं झाली तरी इंग्लिश येत नाही. अमेरिकेत राहता ना, मग इंग्लिश बोला की." बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसले. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याचाच त्रास होत राहिला, म्हणून हे लिहितेय. वाचणाऱ्यांत रविवारचेही काही जण असतील. राग मानू नका, पण वाचा.

आम्ही एल पासोला राहतो. टेक्सासच्या पश्चिम टोकाचं हे शहर इतकं कडेला आहे की बाकीच्या बहुतेक टेक्सासपेक्षा आमचं घड्याळ एक तास मागे असतं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६ लाख ७९ हजार होती आणि दर पाच माणसांत चार हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे. नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेस, आमच्याहून दुपटीने मोठं. रात्री आमच्या गच्चीवरून जे दिवे दिसतात त्यांतले निम्मे दुसऱ्या देशातले असतात. नवरा रोज पूल ओलांडून तिकडच्या कारखान्यात जातो. अशा कारखान्यांना इथे माकिला म्हणतात. आम्ही २०१७ मध्ये आलो. मी फिजिओथेरपिस्ट, माझी लायसन्सची कागदपत्रं आणि परीक्षा यांत पहिली दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल, तर माझा चेहरा. गव्हाळ रंग, काळे केस, वेणी. भाजीवालीपासून डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टपर्यंत प्रत्येक जण माझ्याशी स्पॅनिशमध्येच सुरुवात करायचा. मी पाठ केलेलं "नो आब्लो एस्पान्योल", म्हणजे मला स्पॅनिश येत नाही, म्हणायचे, की समोरच्याचा चेहरा उतरायचा. विशेषतः म्हाताऱ्या बायकांचा. मला वाटायचं, यांना मी परकी म्हणून आवडत नाही. मी भारतातली आहे हे सांगायला "सोय इंदिया" म्हणाले, तर आणखी घोटाळा व्हायचा, कारण मेक्सिकन बोलण्यात इंदिया म्हणजे तिथली आदिवासी बाई. आपल्याला ते ‘इंदू’ म्हणतात, मग धर्म कुठलाही असो.

ते चेहरे का उतरायचे हे मला नोकरी लागल्यावर कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामाला येणाऱ्या एक आजी होत्या, इंग्लिश उत्तम. त्यांनी सांगितलं, लहानपणी शाळेच्या मैदानात स्पॅनिश बोलल्या म्हणून बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या होत्या. आजी एकट्या नव्हेत. टेक्सासने १९१८ मध्ये कायदाच केला होता, सरकारी शाळेत इंग्लिशखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा गुन्हा. तो १९६९ मध्ये गेला. मधल्या काळात मुलांना पट्ट्या, दंड, शाळा सुटल्यावर बसवून ठेवणं, सगळं झालं. त्या मुलांनी मोठं होऊन ठरवलं की आपल्या लेकरांना हा मार नको, आणि घरात इंग्लिश सुरू केलं. आज त्यांच्या नातवंडांना आजीशी बोलता येत नाही. तर माझ्या "नो आब्लो" वर उतरणारा चेहरा परकीकडे बघून उतरत नव्हता. त्यांना वाटत होतं, ही पण आपलीच एक पोर, जिच्या घरातून भाषा गेली.

हे कळल्यावर "अमेरिकेत राहता ना" हे वाक्य माझ्या तोंडून निघू शकत नाही. स्पॅनिश बोलणारे या नदीकाठी १५९८ पर्यंत पोहोचले होते. इथल्या इस्लेता मिशनची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्याची, सुरुवात १६८२ ची. नदी ही सीमा ठरली अमेरिका आणि मेक्सिकोच्या १८४८ च्या तहाने, आणि इंग्लिश बोलणाऱ्यांचा लोंढा आला तो १८८१ मध्ये रेल्वे आल्यावर. स्पॅनिशही इथे तलवार घेऊनच आली, तिच्याआधीच्या लोकांच्या भाषांचं काय झालं हे विसरून चालणार नाही. पण आपण आणि इंग्लिश, दोघांपेक्षा ती इथे जुनी आहे. आपल्याकडे दोनशे वर्षांनी आलेल्या माणसाने "तुम्ही माझ्या भाषेत बोला" म्हटलं तर आपण काय म्हणू?

आता दुसरी बाजू, कारण तीही मी अनुभवलेली आहे. लायसन्स मिळाल्यावर एका ठिकाणी मुलाखत छान झाली आणि नोकरी दुसरीला मिळाली, कारण तिला दोन्ही भाषा येत होत्या. मी घरी येऊन रडले. पदवी मुंबईची, परीक्षा इथली पास केलेली, अनुभव तिच्याहून जास्त, आणि अमेरिकेत इंग्लिश पुरत नाही? फार अन्याय वाटला. आज मी त्या खुर्चीत असते तर मीही तिलाच घेतलं असतं. का, ते सांगते.

नंतरच्या नोकरीत एक सत्तरीच्या बाई खांद्यासाठी यायच्या. सोबत दहा वर्षांची नात. लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही असा नियम आहे आणि फोनवर दुभाषा मिळतो, पण त्या दिवशी फोन लागत नव्हता आणि मी नात चालवून घेतली. मी विचारलं, रात्री झोप लागते का? बाई बराच वेळ बोलल्या. हातवारे केले, एकदा डोळे पुसले. नातीने माझ्याकडे बघून सांगितलं, "ती म्हणते ठीक आहे." पोरीला जे ऐकायला लागलं ते तिला बोलवलं नाही, एवढं मला दिसलं. काय ऐकलं ते मला आजही माहीत नाही. मी खांदा हलवून घेतला, कागदावर ‘झोप ठीक’ लिहिलं. त्या रात्री मी शिकायला बसले.

मला वाटलं होतं इंग्लिशच्या खिडकीतून स्पॅनिश बघावी लागेल. तसं करायलाच नको होतं. मराठी माणसाला स्पॅनिशचं अर्धं व्याकरण घरातूनच येतं. "मे दुएले ला रोदिया" म्हणजे शब्दशः "मला दुखतो गुडघा". ‘मला’ तसाच, दुखतो तो गुडघा. इंग्लिशमध्ये माणूस दुखणं बाळगून असतो, आपल्यात आणि त्यांच्यात दुखणं माणसाला होतं. "मे गुस्ता" म्हणजे "मला आवडतं", तीच जोडणी. मी दमले हे बाईने सांगायचं तर "कान्सादा", पुरुषाने "कान्सादो", जसं दमले आणि दमलो. माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना हे वर्षानुवर्षं जमत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ साठी ‘उस्तेद’ आहे, आणि ‘तू’ साठी शब्द आहे ‘तू’. अगदी तोच. मोठ्या माणसाला तू म्हणायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि उपाहारगृहातून बाहेर पडताना अनोळखी टेबलाकडे बघून लोक "प्रोवेचो" म्हणतात, तेव्हा मला पंगतीतलं "सावकाश होऊ द्या" ऐकू येतं.

दुकानात गल्ल्यावरची मुलगी विचारते, "बा आ पगार कोन तार्हेता?" कार्डाने देणार का? त्यात ‘पगार’ ऐकून मी पहिल्यांदा दचकले होते. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला शब्द, त्यांच्या शेजाऱ्यांकडे क्रियापद होऊन बसलेला. मेज म्हणजे ‘मेसा’. नारिंगाचं ‘नारांहा’ तर आपल्याच बाजूने अरबांमार्गे तिकडे गेलं. भाजीच्या मांडणीत ‘वेर्दोलागास’ लिहिलेली जुडी उचलली आणि बघते तर घोळ! सोलापुरात आई डाळ घालून करायची ती घोळाची भाजी. लाल सरबताचे ‘हामाइका’ म्हणजे लाल अंबाडीची बोंडं. ‘पिलोन्सियो’ हा गूळ, ‘आलेग्रिया’ ही राजगिऱ्याची वडी, आणि राजगिरा मुळात त्यांच्याच खंडातला. घोळीच्या जुडीवरून शेजारची बाई आणि मी वीस मिनिटं बोललो. माझी सगळी क्रियापदं चुकली. ती डुकराच्या मांसात घालते, मी तुरीच्या डाळीत, एवढं दोघींना नीट कळलं.

सोलापूरचं नाव निघालंच आहे तर, मी वाढले ते पूर्व भागाच्या कडेला, जिथे घराघरांत तेलुगू. आई शेजारणींशी मोडकीतोडकी तेलुगू बोलायची, बाजारात कन्नडचे चार शब्द. तिला कुणी सक्ती केली नव्हती, आणि आपण काही मोठं करतोय असं तिला वाटायचंही नाही. मी शिकले-सवरलेली, इंग्लिश माध्यमवाली, तिच्याच पोटची, आणि मला हे सुचायला तीन वर्षं लागली. आणखी मागे जायचं तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवा. गदर या परदेशातल्या भारतीयांच्या स्वातंत्र्य चळवळीतले हे क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मका आणि गव्हावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा उभारल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. शेतकऱ्याला मका समजावून सांगायचा तर त्याच्याच भाषेत सांगावा लागतो.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. ३ ऑगस्ट २०१९ ला एक माणूस डॅलसच्या बाजूने कित्येक तास गाडी चालवत एल पासोला आला आणि शनिवारच्या खरेदीला आलेल्या लोकांवर त्याने गोळ्या झाडल्या. २३ जीव गेले. हिस्पॅनिक लोकांचं आक्रमण होतंय असं त्याने लिहून ठेवलं होतं. ती माणसं दिसत होती तशीच मीही दिसते. पुढचे काही आठवडे दुकानांत लोक खालच्या आवाजात बोलत होते, आणि रक्तदानाच्या रांगा मात्र उन्हात लांबच लांब. "यांना इंग्लिश का येत नाही" हे जेवणाच्या गप्पांतलं वाक्य आणि ते कृत्य एकच आहे, असं मी अजिबात सुचवत नाही. पण त्यानंतर ते वाक्य मला हलकं वाटत नाही.

सगळं जमलंय असं समजू नका. डबा खाताना सहकारी भराभर बोलतात, हसतात, आणि मी विनोद संपल्यावर अर्ध्या मिनिटाने हसते. त्यांच्यापैकी एक जण लगेच माझ्यासाठी इंग्लिशमध्ये वळते. तेव्हा बरंही वाटतं आणि माझ्यामुळे बाकीच्यांची मजा गेली याचं वाईटही. काही दिवस मी डबा घेऊन गाडीत जाऊन बसत असे. आता बसत नाही. न कळलेलं विचारते. त्या हळू सांगतात, मग मला पुन्हा म्हणायला लावतात.

मराठीचा आग्रह मी सोडणार नाही. मुंबईत, पुण्यात, सोलापुरात राहणाऱ्याने चार वाक्यं मराठी बोलावं असं मला मनापासून वाटतं. त्याच तोंडाने मी एल पासोत राहून चार वाक्यं स्पॅनिश बोलले नाही, तर माझ्या आग्रहाला काय अर्थ उरतो? रविवारी मला हे तिथेच म्हणायला हवं होतं.

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या घराजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये मोठ्यांसाठी स्पॅनिशचा फुकट वर्ग असतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. कडक आहेत, पण चुकलं तरी बोलू देतात. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. सहा वाजता निघते, ज्यांना यायचंय त्यांनी सोमवारपर्यंत कळवा.