टायटॅनिकचा बेकर अन् दाजींचं औषध

परभणीकडं थंडी वाढली की फॉरवर्डांनाही ऊत येतो. यंदाचा असा: टायटॅनिक बुडाल्यावर समुद्रातून जिवंत निघालेला माणूस एकच, जहाजाचा मुख्य बेकर. बाटली रिचवून बर्फाच्या पाण्यात दोन तास तरंगला, दारूनं रक्त गरम ठेवलं. शेवटी चिनी प्रवाशांची बदनामी. दाजींनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं अन् खाली लिहिलं, "रातच्याला दारं धरायला जाताना हेच औषध." गव्हाची लाईट मध्यरात्री येते, माणूस ओल्या चिखलात उभा असतो. तेव्हा गप्प बसवत नाही.

बेकर होता, चार्ल्स जॉकिन त्याचं नाव. प्याला होता, पाण्यातून वाचला, एवढं खरं, नाइलाजानं मान्य. पण 1912च्या मे महिन्यात लंडनच्या चौकशीत त्यानं स्वतःच सांगितलं की अर्धा ग्लास लिकर घेतली. बाटली पुढच्यांनी भरली. दोन तासही त्याच्याच अंदाजाचे, घड्याळ लावून कुणी बसलं नव्हतं. डोकं जेमतेम भिजलं असेल, हेही तोच म्हणाला. फॉरवर्डवाल्यानं ते बरं गाळलं! पाणी शून्याखाली दोन अंश होतं. अशा पाण्यात बहुतेकांचे हातपाय काही मिनिटांतच ऐकेनासे होतात.

आता दारूचं. तिनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली ऊब वर येते अन् उडून जाते. अंगाला गरम वाटतं, आतून शरीर गार पडत असतं. कापरं भरून शरीर जी उष्णता तयार करतं, तीही दारूनं कमी होते. म्हणजे दाजी, बांधावर दोन घोट घेतलेत तर थंडी बाधतेय हेच तुम्हाला उशिरा कळणार. कोरडे कपडे अन् गमबूट घ्या, चहा थर्मासात न्या.

'एकच माणूस' तर धडधडीत खोटं. हॅरल्ड लो हा अधिकारी 14 नंबरची नाव घेऊन परत फिरला, चौघांना पाण्यातून ओढलं; त्यातला एक नावेतच गेला. 4 नंबरच्या नावेनंही काहींना घेतलं. उलटलेल्या नावेवर चढलेले वायरलेसवाला ब्राइड, अधिकारी लाइटोलर, प्रवासी ग्रेसी, हेही पाण्यातलेच. अंधारात ओढताना नाव कोण विचारतो? कोण कुठल्या नावेत आलं, हे नंतर साक्षी एकमेकींशी ताडून ठरवावं लागलं. वाचलेल्यांचा एकूण आकडाच अमेरिकी सिनेटच्या अहवालात 706 अन् ब्रिटिश अहवालात 711 आहे.

राहिले 'बायकांचे कपडे घालून पळालेले चिनी'. आठ जण होते, सहा वाचले. न्यूयॉर्कला पोचताच चिनी मजुरांवरच्या बंदीच्या कायद्यानं त्यांना दुसऱ्या जहाजावर चढवून देशाबाहेर काढलं, मग अफवा खोडायला होतं कोण? त्यांच्यातला फांग लांग लाकडाच्या तुकड्यावर पडलेला सापडला. लोच्याच नावेनं त्याला उचललं, अन् शुद्धीवर आल्यावर त्यानं वल्हं हाती घेतलं, असं नावेतल्या एका बाईनं लिहून ठेवलंय.