आर्मरी शोपूर्वीची अमेरिकी चित्रकला: ‘नक्कल’ या आरोपाचा प्रतिवाद

कलेच्या इतिहासाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा की १९१३ पर्यंत अमेरिकेत स्वतःची म्हणावी अशी चित्रकला नव्हती. तिथली निसर्गचित्रे ही फ्रेंच चित्रकार मोने याच्याकडून केलेली उसनवारी होती आणि व्यक्तिचित्रे ही धनिकांची खुशामत. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘आर्मरी शो’ हे प्रदर्शन भरले, अमेरिकेने युरोपातली नवी कला पहिल्यांदाच पाहिली आणि एका रात्रीत तिथले वास्तवदर्शी चित्रकार कालबाह्य ठरले. यातला काही भाग खरा आहे, आणि म्हणूनच उरलेला भागही लोकांना खरा वाटतो.

निसर्गचित्रांवरचा आरोप आधी घेऊ. चाइल्ड हॅसम हा अमेरिकी चित्रकार आणि त्याच्या पिढीतल्या अनेकांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले, काही जण तर मोनेच्या जिव्हेर्नी गावात जाऊन राहिले, आणि त्यांच्या तुटक, उजळ फटकाऱ्यांवर फ्रेंच दृक्प्रत्ययवादाची, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या मोनेच्या शैलीची, छाप आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका गटाबद्दल खरे असलेले विधान सगळ्या देशाला लावले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पेन्सिल्व्हेनियातला एडवर्ड रेडफील्ड हाही उघड्यावरच रंगवायचा, मात्र त्याची रीत मोनेच्या अगदी उलट होती. मोने एकाच दृश्यावर वेगवेगळ्या प्रहरी अनेक कॅनव्हास चालवायचा आणि पुढे स्टुडिओत महिनोन्‌महिने त्यांवर हात फिरवायचा. रेडफील्ड सव्वा मीटरहून मोठा कॅनव्हास बर्फात घेऊन जायचा, वाऱ्याने उडू नये म्हणून झाडाला बांधायचा आणि एका बैठकीत संपवूनच परतायचा. हाडे गोठवणाऱ्या थंडीत दिवसभर उभे राहून केलेल्या या कामाला उसनवारी म्हणणे मला तरी जड जाते.

विन्स्लो होमरच्या बाबतीत तर मोनेचे नाव काढण्याचेही कारण नाही. तो १८८३ मध्ये मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ किनाऱ्यावर स्थायिक झाला आणि १९१० मध्ये तिथेच वारला. ‘राइट अँड लेफ्ट’ हे त्याचे १९०९ चे चित्र, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे काम, निवांतपणे पाहावे. करड्या समुद्रावर दोन बदके उडताना, किंवा पडताना, दिसतात. एक डोके खाली करून पाण्याकडे झेपावले आहे, दुसऱ्याचे पंख पसरलेले आहेत, आणि छर्रे नेमके कोणाला लागले हे कितीही वेळ पाहिले तरी ठरवता येत नाही. शिकारी आधी दिसतच नाही; मग लाटांच्या रांगांमागे होडीचा गडद ठिपका आणि बंदुकीच्या तोंडाशी एक नारिंगी ठिणगी सापडते, जी घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास निसटते. म्हणजे चित्रकाराने आपल्याला पक्ष्यांच्या बरोबरीने हवेत नेऊन ठेवले आहे आणि बंदूक आपल्या दिशेने रोखलेली आहे. शीर्षकही शिकाऱ्यांच्याच बोलीतले आहे: दुनळीच्या दोन नळ्यांनी लागोपाठ दोन पक्षी टिपणे. या मांडणीवर जपानी छापचित्रांचा परिणाम असावा असे अभ्यासक म्हणतात, आणि ते पटण्यासारखे आहे. पण प्रभाव पचवून त्यातून असा दृष्टिबिंदू उभा करणे याला जर नक्कल म्हणायचे, तर मग छापचित्रे जमवणारा मोनेही त्याच आरोपातून सुटणार नाही.

आणखी एक गोष्ट या मजकुराला दिसत नाही: या काळात अमेरिकेत निसर्गचित्राचा विषयच बदलत होता. पेन्सिल्व्हेनिया स्टेशन बांधण्यासाठी मॅनहॅटनमध्ये घरांच्या रांगा पाडून प्रचंड खड्डा खणण्यात आला, आणि ओहायोतून आलेल्या जॉर्ज बेलोजने १९०७ ते १९०९ या काळात त्या खड्ड्याची चार चित्रे काढली. ब्रुकलिन संग्रहालयातल्या चित्रात खड्ड्यावर बर्फ साचले आहे, त्यातून वाफ आणि धूर वर येतो आहे, आणि त्या पसाऱ्यात माणसे मुंग्यांएवढी झाली आहेत. डोंगर, दरी, हवामान, प्रकाश असे निसर्गचित्राचे सगळे घटक इथे आहेत. दरी तेवढी माणसाने खणलेली आहे.

आता व्यक्तिचित्रांकडे वळू. जॉन सिंगर सार्जंटने श्रीमंतांची चित्रे काढली आणि भरपूर पैसा कमावला, हे खरेच आहे. मात्र त्याच सार्जंटने १९०७ च्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना, असली कामे घेणे जवळपास बंद केले आणि तो जलरंगांकडे वळला. १९०९ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने त्याची ऐंशीहून अधिक जलरंगचित्रे एकदम विकत घेतली. शिवाय सार्जंट म्हणजे सगळी अमेरिका नव्हे. फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्स होता. विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलचे कटिवस्त्र काढल्याच्या प्रकरणावरून त्याला १८८६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया अकादमी या कलाशाळेतली जागा सोडावी लागली होती, आणि त्यानंतरची त्याची बहुतेक व्यक्तिचित्रे कोणी पैसे देऊन करवून घेतलेली नव्हती. १९०० मधल्या ‘द थिंकर’मध्ये त्याने आपला साडू लुइस केंटन याला पूर्णाकृती उभा केला आहे. साधा काळा सूट, खिशात खुपसलेले हात, खाली खिळलेली नजर, आणि मागे जवळपास काहीच नाही. ना पडदा, ना खांब, ना मोठेपणाची दुसरी कुठली खूण. कोट अंगावर लोंबतो आहे आणि बूट जमिनीवर घट्ट रोवलेले आहेत. ईकिन्सच्या चित्रांत बसलेल्या काहींना आपले चित्र इतके नकोसे वाटायचे की ते घरी न्यायलाही ते तयार नसत. खुशामतीचा हा प्रकार विचित्रच म्हणावा लागेल!

ईकिन्सची ही कठोर नजर त्याचा शिष्य टॉमस अॅनशट्झ याच्यामार्फत रॉबर्ट हेन्रीपर्यंत आणि हेन्रीकडून वृत्तपत्रांसाठी रेखाटने करणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचली. स्लोन, लुक्स, ग्लॅकेन्स आणि शिन यांनी बातमीच्या जागी धावत जाऊन झरझर रेखाटण्याची सवय कॅनव्हासवर आणली. १९०८ च्या फेब्रुवारीत मॅकबेथ गॅलरीत ‘द एट’ या आठ जणांचे प्रदर्शन भरले, तेव्हा या मंडळींच्या भिंतींवर धनिक नव्हते, रस्त्यावरची माणसे होती. पुढच्याच वर्षी बेलोजने ‘स्टॅग अॅट शार्कीज’ रंगवले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये जाहीर मुष्टियुद्धाला बंदी असल्याने सामने खासगी क्लबात होत आणि लढणाऱ्यांना तेवढ्यापुरते सभासद करून घेतले जाई. चित्रात दोन देह एकमेकांवर असे आदळले आहेत की कोणता हात कोणाचा हे क्षणभर कळत नाही. चेहरे जवळपास पुसलेले आहेत, मात्र खालच्या अंधारातल्या बघ्यांचे चेहरे लालसर आणि स्पष्ट आहेत. शरीररचनेच्या काटेकोर नियमांना इथे जाणूनबुजून बगल दिलेली आहे.

‘युरोपातली नवी कला पहिल्यांदाच पाहिली’ हे विधान तर तारखांसमोर टिकतच नाही. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने १९०५ मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर उघडलेल्या छोट्या गॅलरीत, जी पुढे ‘२९१’ म्हणून ओळखली गेली, १९०८ मध्ये रोदँची रेखाटने आणि मातिसची कामे, तर १९११ मध्ये सेझान आणि पिकासो यांची कामे दाखवली होती. प्रेक्षक थोडे होते, एवढे म्हणता येईल.

राहिला ‘एका रात्रीत’ हा शब्द. आर्मरी शोची उभारणी अमेरिकी चित्रकारांनीच केली. त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आर्थर डेव्हीज हा ‘द एट’पैकी एक होता, आणि प्रदर्शनातल्या सुमारे १,३०० कामांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकी होती. ड्यूशाँ या फ्रेंच चित्रकाराच्या जिना उतरणाऱ्या आकृतीच्या चित्राची टिंगल झाली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तर त्यापेक्षा आपल्या न्हाणीघरातला नव्हाहो या अमेरिकी आदिवासींचा गालिचा सरस ठरवला. गंमत अशी की नक्कलेच्या आरोपाचा सर्वांत मोठा साक्षीदार याच प्रदर्शनात होता. अमेरिकी विभागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या ग्लॅकेन्सनेच तेव्हा म्हटले होते की आपल्या कलेत जे काही मोलाचे आहे ते फ्रेंच प्रभावामुळे आहे. हे विधान दडवू नये. पण ते बोलणारा माणूस त्या वर्षांत स्वतः रेन्वार या फ्रेंच चित्रकाराच्या रंगांकडे झुकत चालला होता, आणि त्याची साक्ष होमर किंवा ईकिन्स यांच्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या चित्रांना अधिक लागू पडते.

वास्तवदर्शी चित्रकारांपैकी एडवर्ड हॉपर तेव्हा ३० वर्षांचा होता. हेन्रीचा विद्यार्थी, तीनदा पॅरिसला जाऊन आलेला. आर्मरी शोमध्ये त्याचे ‘सेलिंग’ हे शिडाच्या होडीचे चित्र २५० डॉलरला विकले गेले. ती त्याची पहिली विक्री. त्यानंतर दहा वर्षे त्याचे एकही रंगचित्र विकले गेले नाही, आणि त्याने जाहिरातींसाठी रेखाटने करून पोट भरले. १९२३ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने १०० डॉलरला घेतलेले त्याचे जलरंगचित्र ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावातल्या एका जुन्या, उतरत्या छपराच्या घराचे आहे. त्याच्या खिडक्यांवरचे पिवळे कापडी पडदे वाऱ्याने फुगले आहेत आणि पांढऱ्या भिंतींवर झाडांच्या निळसर सावल्या हलत आहेत.