आधी भोजनगृह, मग व्यासपीठ

मंगल कार्यालय बघायला गेलेली माणसं पहिल्यांदा व्यासपीठ बघतात. झुंबर, मागचा पडदा, नवरानवरीच्या त्या सिंहासनवजा खुर्च्या. व्यवस्थापकही तिथलेच दिवे मुद्दाम लावतो. दुपारी चार वाजता, रिकामं, नुकतंच पुसलेलं कार्यालय कुणालाही आवडतं. रिकामी एसटीसुद्धा प्रशस्तच वाटते.

माझं मत असं की, चपला काढायच्या आणि सरळ भोजनगृहात शिरायचं. किती माणसं बसतात हे व्यवस्थापकाला विचारू नये. तो "आरामात दोनशे" म्हणतो, आणि त्यातला आराम त्याचा असतो. आपण टेप घेऊन जावं, टेबलाची लांबी मोजावी आणि माणशी दोन फूट धरावेत. दीड फुटातही माणूस मावतो, पण शेजारच्याचं कोपर आपल्या आमटीत येतं. दोन रांगांत वाढप्यांना तीन फुटांची वाट हवी. त्यांच्या हातात मठ्ठ्याची बादली असते आणि दोन्ही बाजूंना पैठण्या बसलेल्या असतात, एवढं सांगितलं की पुरे.

समजा, खुर्च्या निघाल्या १२० आणि पाहुणे ४००. म्हणजे पंगती चार. बसायला ५ मिनिटं, वाढायला १०, जेवायला २०, उठून टेबलं पुसायला १०. झाली पाऊण तासाची एक पंगत, तीही जिलबीचा आग्रह न करता. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा असेल तर पहिली पंगत १ वाजता बसते (मामांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं वेळेत संपली तर). चौथी बसते सव्वातीनला आणि उठते ४ वाजता. हा ४ चा आकडा कुठेतरी लिहून ठेवा.

बुफे ठेवला की प्रश्न सुटतो म्हणतात. सुटत नाही, नुसता उभा राहतो. ताट वाढून घ्यायला माणशी १५ सेकंद धरले तरी एका रांगेतून ४०० जणांना १०० मिनिटं लागतात. म्हणून रांगा चार हव्यात आणि टेबलं भिंतीला न चिकटवता मध्ये हवीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं. शिवाय आजी मंडळींसाठी खुर्च्या लागतातच, आणि त्या खुर्च्यांवर बारा वर्षांची मुलं बसलेली असतात.

मग होमाची जागा. सभागृह वातानुकूलित आहे हे सगळे कौतुकाने सांगतात, धूर कुठून जातो ते कुणी सांगत नाही. होमाजवळ उघडणारी खिडकी किंवा धूर खेचणारा पंखा नसेल तर लाजाहोमापर्यंत नवरी, भटजी आणि फोटोग्राफर तिघांचे डोळे वाहू लागतात. आल्बममध्ये नवरीचे अश्रू माहेरच्या ओढीचे म्हणून खपतात. भटजींचं काय करायचं?

आदल्या रात्री सीमांतपूजन असेल तर मुक्काम आलाच. दोन्ही पक्षांच्या खोल्यांत जाऊन गीझरवरचा आकडा वाचा. १५ लिटरचा गीझर म्हणजे एका वेळी अंघोळीच्या दोन बादल्या, आणि सकाळी सातच्या आत आवरायचं असतं चाळीस जणांना. वरपक्षाकडचा गीझर बंद निघाला तर त्याची आठवण पुढची तीस वर्षं काढली जाते. त्यामुळे निदान त्यांच्याकडचा तरी चालू करून, हाताला चटका बसेपर्यंत थांबून पाहावा. लॉन घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि गाण्यांचा कार्यक्रम साडेनऊच्या आत कधीच सुरू होत नाही.

आता भाडं. सांगितलेला आकडा हे नुसतं तोंडओळखीचं भाडं. वीज मीटरप्रमाणे, जनरेटर तासावर, सफाई वेगळी, अनामत वेगळी, बाहेरचा केटरर आणलात तर स्वयंपाकघराचे वेगळे. कार्यालयाचाच केटरर घेतला तर किमान ताटांची हमी द्यावी लागते: ३०० ची दिली आणि २४० जेवले तर ६० ताटं न जेवता पचवायची. आत शिरताच मीटरचा फोटो काढावा. प्रत्येक पंगतीची ताटं मोजायला एक चिकट काका नेमावा, असा काका प्रत्येक घरात असतोच आणि त्याला एरवी लग्नात काम नसतं.

आणि पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे सहसा एकच वाक्य ठळक असतं: कार्यालय दुपारी ४ वाजता रिकामं करून द्यावे.

चौथी पंगत विहिणीची असते. चांदीची ताटं, ताटांभोवती रांगोळी, उदबत्त्या, नवरानवरीचे घास. दारात रात्रीच्या स्वागतसमारंभाचे डेकोरेटर शिडी घेऊन उभे, निम्मे पंखे बंद झालेले, आणि विहीणबाई उखाण्याची दुसरी ओळ आठवताहेत.