एचओए दिसली की पाठ फिरवा? हा सल्ला महागात पडेल

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'भाड्यासाठी फोरप्लेक्स (चार युनिटची इमारत) घेताय? एचओए (फी घेऊन सामाईक देखभाल बघणारी घरमालकांची संघटना) असेल तर बघायलाही जाऊ नका. ती फी पाण्यात जाते, टॅक्समध्येही वजा होत नाही. घ्यायचीच असेल तर सर्वांत कमी फीवाली घ्या.' यातलं शेवटचं वाक्य तर सरळसरळ घातक आहे.

आधी 'पाण्यात जाते'बद्दल. समजा युनिटमागे महिना २०० डॉलर, म्हणजे चार युनिटचे वर्षाला ९,६०० डॉलर. आकडा बघून छाती दडपते. पण त्यात छप्पर, बाहेरचा रंग, बर्फ काढणं, इमारतीचा विमा यातलं काय काय येतं? एचओए नसली तरी हे खर्च चुकत नाहीत, फक्त त्यांचं दरमहा बिल येत नाही. उलट फी धरून वर पुन्हा छपरासाठी पैसे बाजूला काढले, तर तोच खर्च दोनदा धरला जातो आणि चांगला सौदा कागदावर तोट्यात दिसतो.

टॅक्सचा मुद्दा चूक आहे. राहत्या घराची फी वजा होत नाही, भाड्याच्या घराची शेड्यूल ईवर, म्हणजे भाड्याचं उत्पन्न दाखवायच्या टॅक्स फॉर्मवर, होते. सुधारणेसाठी घेतलेली स्पेशल असेसमेंट (फीव्यतिरिक्त मालकांकडून घेतलेली जादा वर्गणी) मात्र एकदम नाही, घसाऱ्याच्या रूपाने वर्षावर्षाने वजा होते.

आता कमी फी. फ्लोरिडात सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली, ९८ माणसं गेली. काँक्रीट खराब झाल्याचा अहवाल २०१८ पासून हातात होता, पण राखीव निधी तुटपुंजा. शेवटी दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची असेसमेंट ठरली. एकेका फ्लॅटवर ८० हजारांपासून तीन लाख डॉलरच्या वर. वर्षानुवर्षं न भरलेली फी अशी एकदम अंगावर येते. २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजली कॉन्डोंना राखीव निधीचा अभ्यास सक्तीचा केला, तो यातूनच. म्हणून फीचा आकडा नंतर. आधी बजेटमधली रिझर्व्हची (राखीव निधीची) ओळ बघा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचा. छपराचा विषय दर सभेत 'पुढच्या वेळी' म्हणून ढकलला असेल, तर तो खर्च तुमच्या नावावर येणार.

एचओएचा खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही: किती युनिट भाड्याने देता येतील यावरची मर्यादा. कॅलिफोर्नियात एकूण युनिटांच्या २५ टक्क्यांखालची मर्यादा घालता येत नाही, पण सगळीकडे असं संरक्षण नाही. त्यामुळे ऑफर देण्याआधीच नियमावली मागवा, आणि मर्यादा भरली असेल तर प्रतीक्षायादीत किती जण आहेत, हे लेखी घ्या.