दोन दिवस बघू

विषय निघाला तो मंदारच्या दंडावरून. सकाळी फ्लूची लस घेऊन आला होता आणि हात खांद्याच्या वर नेला की कळवळत होता. म्हणाला, "गेल्या वर्षीही घेतली होती रे. तरी पाच दिवस अंथरुणात होतो. मग टोचून घ्यायची कशाला?"

सुहास तर लसीच्या विरोधातच आहे. "कशालाच नाही. लसीनेच ताप येतो. आमच्याकडे दोघांनी घेतली, आठवड्यात दोघंही आडवे."

मीरा दवाखान्यात सिस्टर आहे, साथीच्या दिवसांत हेच काम करते. "टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतोच, सुहास. मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यांनी फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण वाटते, तेवढंच. पण संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तेवढ्यात फ्लूने गाठलं की नाव लसीवर. शिवाय सर्दी-ताप आणणारे इतर विषाणूही असतात, त्यांच्यावर ही लस चालत नाही."

मंदारचा प्रश्न मात्र तिने उडवून लावला नाही, ते मला आवडलं. लस आणि साथीतला विषाणू चांगले जुळले त्या वर्षीसुद्धा डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनीच टळतो, हे तिने सरळ सांगितलं. विषाणू रूप बदलत राहतो. लसीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात ठरवते, कारण लस बनवायलाच पुढे कितीतरी महिने जातात.

"म्हणजे अंदाजपंचे!" सुहास.

"अंदाज आहे, अंदाजपंचे नाही. 1952 पासून प्रयोगशाळांचं जगभर जाळं आहे, वर्षभर नमुने तपासत असतात. फ्लूच्या बी विषाणूचा यामागाटा नावाचा प्रकार मार्च 2020 नंतर खात्रीने कुठे सापडलाच नाही, म्हणून तो लसीतून काढायला सांगितलं. लसीतल्या चार प्रकारांचे तीन झाले. आणि मंदार, तू पाच दिवस झोपलास, पण घरीच झोपलास ना? लस घेऊनही फ्लू झाला तरी तो हाताबाहेर जायची शक्यता कमी होते. माझ्या लेखी लसीचं खरं काम ते."

इथे मी तोंड उघडलं. माझ्या वडिलांना शुगर आहे, हृदयात स्टेंट आहे. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "व्हायरल आहे, दोन दिवस बघू," आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. आम्ही बघितलं. चौथ्या दिवशी वडिलांना पलंगावरून उठून न्हाणीपर्यंत जाताना दम लागला. उशाशी गोळ्यांची पट्टी होती, तिचे सहा कप्पे रिकामे. त्या पट्टीवर माझा अजून राग आहे, कारण त्या गोळ्या जंतूंवर चालतात, विषाणूवर नाही. पुढे न्यूमोनियात जंतूंची भर पडली तर त्यांची गरज लागते, पण त्या सकाळी लागत नव्हती. दहा दिवस रुग्णालयात काढले.

"म्हणजे 'दोन दिवस बघू' हेच चुकीचं?" मंदारने विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर बरोबर," मीरा म्हणाली. "काकांना सांगितलं ते चुकलं." मला इतके दिवस जे मांडता येत नव्हतं ते हेच. धडधाकट माणसाला विश्रांती, पाणी, तापाला पॅरासिटॅमॉल पुरतं, आठवड्यात तो उठतो. त्याला ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध दिलं तर आजार जेमतेम एखाद्या दिवसाने आटपतो, वर मळमळ, उलट्या होऊ शकतात. पण वय 65 च्या पुढे, गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, यांचं गणित वेगळं. पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटून पुढच्या पेशीत शिरतात, ते सुटणंच हे औषध अडवतं. सगळीकडे पसरून झाल्यावर अडवायला उरतं काय? म्हणून पहिले 48 तास मोलाचे. साथ चालू असेल आणि लक्षणं जुळत असतील तर अशा माणसासाठी तपासणीच्या रिपोर्टचीही वाट बघायची नाही. उशीर झाला आणि आजार गंभीर असेल तर तरीही देतात, पण फायदा सगळ्यात जास्त सुरुवातीलाच. आम्ही 'बघण्यात' घालवले ते नेमके तेच दोन दिवस.

"आणि हृदयाचं म्हणशील," मीरा म्हणाली, "2018 मध्ये कॅनडातला अभ्यास आला होता. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट."

सुहास म्हणाला, रुग्णानेच विचारायला पाहिजे, डॉक्टर कुठवर लक्षात ठेवणार? मीराने मान डोलावली, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, तिलाही पटत होतं. मला नाही पटलं. वडील दर तीन महिन्यांनी शुगर दाखवायला जायचे. शुगर, स्टेंट, वय, सगळं त्याच फाईलच्या पहिल्या पानावर होतं. 'यंदा लस घेतली का, ताप आला तर त्याच दिवशी या' एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मीही विचारलं नाही, हे खरं. पण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. यावर आमचं बरंच वाजलं आणि मिटलं नाही. वडिलांच्या औषधांच्या डब्यावर आता मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: ताप आला की त्याच दिवशी. दम, छातीत दुखणं, बरळणं, किंवा उतरलेला ताप परत चढणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय.

अनिल इतका वेळ गप्प होता. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. "आम्ही मुद्दामच नको म्हटलं," तो हळूच म्हणाला. "बाळाला काही झालं तर?"

"अरे, बाळासाठीच घ्यायची," मीरा म्हणाली. "सहा महिन्यांच्या आत त्याला लस देताच येत नाही. तोवर त्याच्याकडे असतं ते आईकडून आलेलं संरक्षण. टोचायची लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते."

अनिलने फोन काढला आणि थोडा बाजूला जाऊन बायकोशी बोलला. परत आला तेव्हा मीराला एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता असतेस दवाखान्यात?"