हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद? माउथवॉशवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माउथवॉशवरच्या माझ्या मागच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा मुख्य भाग इथे देतो:

"माउथवॉश म्हणजे जणू विष, अशा थाटात तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे सात वर्षं सगळे दिवसातून दोनदा वापरतात, पाच वर्षांची मुलगीसुद्धा. ब्रश केला की माझ्या हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून रात्री मी नुसती माउथवॉशनं चूळ भरते. रक्त नाही, वास नाही. डॉक्टर स्वतः लिहून देतात आणि तुम्ही नको म्हणता. तुमचा अधिकार काय?"

अधिकाराचं उत्तर सोपं आहे: मी दंतवैद्य नाही. हिरड्यांच्या दुखण्यातून गेलेला आणि त्या निमित्तानं बरंच वाचलेला माणूस आहे.

सगळ्यात आधी मुलीबद्दल. तिचं माउथवॉश आजच बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एवढ्या लहान वयात चूळ पूर्ण थुंकून टाकणं जमत नाही, थोडं तरी गिळलं जातंच. काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांच्याही वर असतं, काहींत फ्लोराइड (कीड रोखणारा, पण गिळू नये असा घटक) असतं, आणि रंग-चव अशी की बाटली हाताला लागली तर मूल घोटभर पिऊन टाकेल. अमेरिकन डेंटल असोसिएशनही सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नका असंच सांगते. तिला वाटाण्याएवढी फ्लोराइड टूथपेस्ट आणि शेजारी उभं राहून दात घासून घेणारं मोठं माणूस पुरे.

आता माझी चूक. "माउथवॉशनं रक्तदाब वाढतो" असं सरळसोट विधान मी मागच्या लेखात केलं होतं, ते तसं करायला नको होतं. जिभेवरचे काही जिवाणू अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात. जंतुनाशक चुळीनं हे जिवाणूही मरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या चुळा भरल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वाढला. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण १९ माणसांच्या एका आठवड्यावरून बाजारातल्या प्रत्येक बाटलीबद्दल बोलणं चूकच. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

तुमच्या हिरड्यांबद्दल मात्र मी माझं म्हणणं सोडणार नाही. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते, नाजूक होते आणि जरासा स्पर्श झाला तरी रक्त येतं. म्हणजे सूज आधीच असते, ब्रशमुळे ती फक्त दिसते. चूळ भरताना रक्त येत नाही, कारण चूळ त्या जागेला घासतच नाही. आणि घासल्याशिवाय तो थर निघत नाही. तुम्ही ज्याला आराम समजताय, त्यात थर रात्रभर जागच्या जागी राहतो.

हे आजचं ज्ञान नाही. १६८३ साली हॉलंडमधल्या अँटनी व्हॅन लीवेनहूकनं आपल्या दातांवरचा थर खरवडून स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात वळवळणारे जीव होते. त्यानं तीव्र व्हिनेगरनं चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं, तर दातांच्या फटींतल्या थरात जीव होतेच. तोच थर बाहेर काढून त्यावर व्हिनेगर टाकलं, तेव्हा मात्र ते लगेच मेले. त्यानं अनुमान काढलं की चुळीनं थराच्या बाहेरच्या बाजूचेच जीव मरतात, ती आतपर्यंत पोचत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. साडेतीनशे वर्षांत चुळीची औषधं कितीतरी सुधारली, पण थर आधी ब्रशनं मोडावा लागतो हे काही बदललेलं नाही.

मग डॉक्टर का लिहून देतात? कारण काही दिवस असे असतात की ब्रश लावताच येत नाही. हिरडीची शस्त्रक्रिया झालेली असते, टाके असतात. क्लोरहेक्सिडिन दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून कित्येक तास काम करतं. अशा वेळी त्याच्या तोडीचं दुसरं काही क्वचितच असेल. मलाही ते दोन आठवड्यांसाठी दिलं होतं. मी ते आपल्या मनानं चार महिने चालवलं, कारण तोंड स्वच्छ वाटायचं. दातांवर तपकिरी डाग पडले, खारट चव लागेनाशी झाली. डाग शेवटी स्केलिंग करून, म्हणजे दंतवैद्यांकडून दात खरवडून घेऊनच गेले. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली ५१ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यातही हेच दिसतं: ब्रशच्या जोडीला हे औषध वापरलं तर थर बराच कमी होतो, पण सौम्य सुजेत हिरड्यांना त्याचा जाणवण्याजोगा फायदा होत नाही, आणि चार आठवडे किंवा जास्त वापरलं की डाग पडतात. डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हा किती दिवसांसाठी दिलं होतं, ते एकदा आठवून पाहा.

फ्लोराइडच्या माउथवॉशची बाजू वेगळी, आणि ती मी मागच्या लेखात मांडायला हवी होती. शाळकरी मुलांकडून देखरेखीखाली नियमित चुळा भरून घेतल्या, तेव्हा कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी झाली. वारंवार कीड लागणाऱ्यांना, दातांना तारा लावलेल्यांना त्याचा उपयोग आहे. फक्त ब्रश केल्याबरोबर ते वापरू नका. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड कितीतरी जास्त असतं, ते चुळीबरोबर धुऊन जातं. दुपारची एखादी वेळ ठरवा, आणि नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

वासाचं म्हणाल तर तो बहुतेकदा जिभेवरच्या थरातून आणि सुजलेल्या हिरड्यांतून येतो. मिंटच्या वासानं तो काही वेळ झाकला जातो. तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याचीच, कारण रक्त आणि वास या दोन्ही खुणा तुम्ही रोज रात्री पुसून टाकताय.

आज रात्रीपासून मऊ ब्रश घ्या आणि जिथे रक्त येतं तिथेच, हलक्या हातानं, हिरडीच्या कडेनं फिरवा. पहिले काही दिवस रक्त येईल. नुसती सूज असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतं. नाही झालं, तर थर कडक होऊन बसला असेल, आणि तो घरी निघत नाही, त्यासाठी दंतवैद्यांकडे जावं लागतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर तेही दंतवैद्यांना सांगा. तुमच्या बाटलीवर घटक म्हणून काय छापलंय, ते इथे लिहाल का? ते कळलं तर पुढचं नेमकं बोलता येईल.